वाचनालय ऑनलाइन आणायचंय? आधी यादी करा, इन्स्टाग्राम नंतर

शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रंथपाल ताईंचा फोन आला होता. कार्यकारी मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, आता वाचनालय ऑनलाइन आणा, सगळे आणतात. तर ताई विचारत होत्या, इन्स्टाग्रामवर अकाउंट काढू का, की फेसबुक बरं. मी म्हटलं थांबा, आधी मला सांगा, उद्या कुणी मेसेज केला की अमुक पुस्तक आत आहे का, तर कपाटापर्यंत न जाता सांगता येईल? ताई हसल्या. म्हणजे नाही.

सगळी गोची तिथेच आहे. अकाउंट काढायला पाच मिनिटं लागतात, पण अकाउंट निघालं की लोक प्रश्न विचारायला लागतात, आणि उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसतं. चार दिवस उत्तर आलं नाही की माणूस परत विचारत नाही. म्हणून मी जो क्रम सांगणार आहे तो उलटा वाटेल, पण आमच्या तालुक्याच्या वाचनालयात (साधारण १२ हजार पुस्तकं, मी आणि एक शिपाईकाका, एक जुना कॉम्प्युटर) तोच चालला.

सिम कार्ड आणि जीमेल

हे कंटाळवाणं काम आहे पण पहिलं. वाचनालयासाठी वेगळं सिम घ्या, स्वतःचा नंबर अजिबात देऊ नका, नाहीतर रात्री साडेदहाला "मॅडम दिवाळी अंक आले का" असे फोन येतात आणि तुम्ही रिटायर झालात तरी येत राहतात. जीमेलही संस्थेच्या नावाने काढा, रिकव्हरीला कार्यवाहांचा नंबर टाका, आणि पासवर्ड एका कागदावर लिहून पाकिटात बंद करून संस्थेच्या तिजोरीत ठेवा. हो, कागदावर. माझ्या ओळखीच्या एका वाचनालयाचं फेसबुक पेज आधीच्या ग्रंथपालांनी स्वतःच्या प्रोफाइलवरून उघडलं होतं, ते गाव सोडून गेले, आणि आता त्या पेजवर काही वर्षांपूर्वीची वेळ आणि बंद पडलेला लँडलाइन नंबर दिसतोय, कुणालाच बदलता येत नाही. फेसबुक पेजला नेहमी दोन ॲडमिन ठेवा.

यादी, म्हणजे खरं काम

दाखल रजिस्टर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवायची वही, गुगल शीटमध्ये उतरवायचं. १२ हजार पुस्तकं म्हटलं की पोटात गोळा येतो. रोज ६० नोंदी धरल्या तरी २०० कामाचे दिवस झाले. म्हणून रजिस्टरच्या पान एकपासून सुरू करू नका, तिथे निम्मी पुस्तकं वाळवीने खाल्लेली किंवा गहाळ असतात. आम्ही काय केलं, काउंटरवर जे पुस्तक परत येईल त्याची नोंद तिथल्या तिथे करायची आणि मगच कपाटात लावायचं. जी पुस्तकं फिरतात ती आपोआप आधी यादीत येतात, आणि लोक विचारतात तीही बहुतेक तीच असतात. चारेक महिन्यांत मला बऱ्याचशा मेसेजना उत्तर देता यायला लागलं, अर्ध्याहून जास्त कपाटं शिल्लक असतानासुद्धा.

रकाने कमीच ठेवा: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखकाचं आडनाव, लेखकाचं नाव, अनुवादक किंवा संपादक, प्रकार, वर्गांक (विषयावरून दिलेला नंबर), प्रकाशक, वर्ष, कपाट नंबर, स्थिती. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर तीन ओळी. नाव मुखपृष्ठावरून घेऊ नका, आतल्या शीर्षक पानावरून घ्या, मुखपृष्ठावर चित्रकार काय वाटेल ते करतो. प्रकार आणि स्थिती या दोन रकान्यांना डेटा मेनूतून ड्रॉप-डाऊन लावा म्हणजे एक जण "कादंबरी" आणि दुसरा "कादंबऱ्या" लिहिणार नाही. स्थितीत चारच शब्द: आत, बाहेर, बांधणीला, गहाळ. दिवसभराची देवघेव झाली की बंद करायच्या आधी दहा मिनिटं बसून स्थिती बदलायची. हे एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीन किलोमीटर सायकल मारत येतो आणि पुस्तक नसतं.

टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (गुगलचा फोनवरचा कीबोर्ड) मराठी घेऊन माइकवर बोला, पुस्तकांची नावं बरी येतात, आडनावांची मात्र वाट लागते, ती तपासायचीच.

आता जिथे सगळे अडकतात ती गोष्ट. मराठी शोधात सापडत नाही. "दऱ्या" हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ वापरून आणि दुसऱ्यावर साधा र, हलंत (पाय मोडायचं चिन्ह) आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. "ॲ"चंही तेच, एक सबंध अक्षर म्हणून येतं, नाहीतर अ वर चंद्र देऊन. तुम्ही एका फोनवर नोंद केली, शिपाईकाकांनी दुसऱ्यावर, की पुस्तक कपाटात असून यादीत नाही. उपाय सोपा आहे, सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आणि महिन्यातून एकदा फाइंड अँड रिप्लेस मारून एक रूप दुसऱ्यात बदलून टाकायचं. लेखकाच्या आद्याक्षरांचंही एकदा ठरवा, "पु. ल." की "पु.ल.", मध्ये जागा सोडायची की नाही. मी जागा सोडते. काहीही करा पण एकच करा.

काही वाचनालयांकडे जुनी यादी कॉम्प्युटरवर आहे पण ती श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये, शीटमध्ये पेस्ट केली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर मिळतात. बदलल्यावर निदान ५० ओळी रजिस्टर समोर ठेवून वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडलेले असतात.

अजून एक रकाना मी नंतर वाढवला, त्याचा फार उपयोग झाला: नाव रोमन लिपीत. कारण बरेच सभासद मराठी पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात, तरुण पोरं तर सगळीच.

लोकांना काय दाखवायचं, काय नाही

पुस्तकांच्या यादीची लिंक "फक्त पाहता येईल" अशी करून सगळ्यांना द्या. पण सभासदांची माहिती, फोन नंबर, अनामत, कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, हे वेगळ्या फाइलमध्ये. वेगळ्या टॅबमध्ये नाही, वेगळ्या फाइलमध्ये. टॅब लपवला म्हणजे झालं असं वाटतं, पण ज्याला फाइल दिसते तो तिची कॉपी काढून लपवलेला टॅब उघडू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, पण कायदा बाजूला ठेवला तरी कोण काय वाचतं ही माहिती गावात फिरणं बरं नव्हे.

व्हॉट्सॲप

आपल्याकडे खरं सोशल मीडिया म्हणजे हेच. वाचनालयाच्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फुकट आहे. प्रोफाइलमध्ये पत्ता, वेळ, साप्ताहिक सुट्टी. मग सेटिंगमध्ये जाऊन आपोआप जाणारा मेसेज लावा. आमचा असा आहे:

"नमस्कार. वाचनालय सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८ उघडं असतं, सोमवारी बंद. पुस्तक हवं असेल तर नाव आणि लेखक लिहून ठेवा, त्याच दिवशी उत्तर देऊ."

त्याच दिवशी म्हटलंय तर त्याच दिवशी द्यायचं. क्विक रिप्लायमध्ये वर्गणी किती, अनामत किती, सभासद व्हायला काय काय लागतं, ही उत्तरं लिहून ठेवा, आमच्याकडे हेच तीन प्रश्न सारखे येतात. लेबलांचा वापर करा, मी तीन ठेवलीत: पुस्तक राखून ठेवलं, नवीन खरेदीत मागणी, आणि मुदत संपली. नवीन खरेदीची यादी करायला बसले की दुसरं लेबल उघडते, निम्मं काम तिथेच होतं. हेच व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर जोडून घ्या, मोठ्या कीबोर्डवर उत्तरं भराभर जातात.

आता ग्रुप की ब्रॉडकास्ट. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि महिला सभासदांना त्याचा त्रास होतो, त्या सांगत नाहीत, गुपचूप बाहेर पडतात. ब्रॉडकास्टमध्ये (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो) नंबर दिसत नाही, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून वर्गणीची पावती देताना समोरच नंबर सेव्ह करून घ्या, "नंतर करतो" म्हणणारा करत नाही. मला सगळ्यात बरं पडलं ते कम्युनिटी काढून तिचा घोषणा ग्रुप वापरणं, तिथे फक्त ॲडमिन पोस्ट करतो आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चॅनेलपण आहे, पण त्यावर माणूस आपल्याला काही विचारू शकत नाही, मग वाचनालयाला त्याचा उपयोग काय.

घोषणा आठवड्यातून दोन. तीन नाहीच. गुड मॉर्निंग, सणांच्या शुभेच्छा, अध्यक्षांचा वाढदिवस यातलं काहीही नाही. अध्यक्षांच्या वाढदिवसावरून आमच्याकडे थोडी कटकट झाली होती, शेवटी मंडळाकडून दोन ओळींचा ठरावच करून घेतला की या ग्रुपवर फक्त पुस्तकं, वेळ आणि कार्यक्रम. तुम्हीपण ठराव करून घ्या, नंतर ग्रंथपालावर येत नाही.

मुदत संपल्याचा मेसेज कधीही ग्रुपवर टाकू नका, ज्याचा त्याला वेगळा. आणि त्यात पुस्तकाचं नाव लिहू नका! हे मला ठेच लागून कळलं. आमच्या एका सभासद ताईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं होतं, घरात फोन एकच, आणि मी आपली नाव-लेखकासकट आठवण पाठवून मोकळी झाले. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून फक्त दाखल क्रमांक:

"नमस्कार ताई, तुमच्याकडचं दाखल क्र. ७२१४ परत करायची तारीख झाली. अजून ठेवायचं असेल तर 'मुदतवाढ' एवढंच लिहा."

दंडाचा उल्लेख पहिल्या मेसेजमध्ये करायचा नाही. सत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना मेसेजच नाही, सरळ फोन, त्यांना तो आवडतो आणि पुढचं कुठलं पुस्तक काढून ठेवू ते पण तिथेच ठरतं.

गुगल मॅप

अर्ध्या तासाचं काम, पण फार कमी वाचनालयं करतात. गुगलवर वाचनालयाचं नाव शोधा, बहुतेक वेळा कुणीतरी आधीच टाकलेलं असतं, चुकीच्या वेळेसकट. ते आपल्या जीमेलवरून मागून घ्या, गुगल खात्री करायला पाटीचा आणि आतला व्हिडिओ मागू शकतं, तो द्या. वेळ, फोन, दाराचा फोटो. दाराचा फोटो महत्त्वाचा, आमचं दार बँकेच्या मागच्या बोळात आहे, आधी लोक बँकेतच विचारत बसायचे. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या आधी टाकून ठेवा.

आता फेसबुक, इन्स्टाग्राम

यादी आणि व्हॉट्सॲप सहा महिने नीट चाललं तरच. आणि दोन्ही नको, एक घ्या. तुमच्या गावातली नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशात गेलेली माणसं फेसबुकवर असतात, वाचनालयाला देणगी आणि पुस्तकं त्यांच्याकडून येतात. अकरावी-बारावीची पोरं इन्स्टावर. आम्ही फेसबुक घेतलं, आणि इमारतीचा जुना फोटो टाकल्यावर दोन जणांनी आपापल्या वडिलांचा संग्रह पाठवला, त्यातल्या अर्ध्या प्रती आमच्याकडे आधीच होत्या, पण ते असो. देणगी घ्यायच्या आधी यादी मागवा, हे शिकले.

काय टाकायचं? नवीन पुस्तकांचा गठ्ठा ठेवून फोटो काढला की कुणी बघत नाही. एकच पुस्तक, खिडकीपाशी उजेडात धरून, आणि खाली दोन ओळी स्वतःच्या, कुणाला आवडेल ते सांगणाऱ्या. "ज्यांना किल्ल्यांवर भटकायला आवडतं त्यांनी हे न्या, नकाशे चांगलेत, छपाई बारीक आहे, चष्मा लागेल." शेवटी कपाट नंबर. अशा पोस्टवर त्याच संध्याकाळी कुणीतरी येतंच. जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठंही चालतात, मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, त्यामुळे वाचनालयाच्या माळ्यावर काय निघेल सांगता येत नाही, आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचे गठ्ठे निघाले. आठवड्याच्या तीन पोस्ट एकदाच बसून मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवल्या की रोज फोन घेऊन बसावं लागत नाही.

ठरलेले दिवस हाताशी ठेवा: २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्ट भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणजे आपला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. पण त्या दिवशी हार घातलेल्या फोटोचा फोटो सगळेच टाकतात, तुम्ही त्या दिवशी कुणी कोणती पुस्तकं नेली (माणसाचं नाव न घेता) ते टाका. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही.

"मॅडम, पीडीएफ आहे का?"

हा प्रश्न रोज येतो आणि याचं उत्तर तयार हवं. वाचनालयाच्या नंबरवरून पुस्तकांच्या पीडीएफ फॉरवर्ड करायच्या नाहीत, कुणीही मागू दे, संचालकांनी मागू दे. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि ती पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन खुलं. आचार्य अत्रे १९६९ ला गेले, त्यांचं १ जानेवारी २०३० ला खुलं होईल. पु. ल. २००० ला, म्हणजे थेट २०६१. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, आणि लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं छापल्यापासून. एवढं पाठ असलं की समोरच्याला शांतपणे सांगता येतं, भांडण होत नाही.

पण नुसतं नाही म्हणून चालत नाही, काय मिळेल ते सांगावं लागतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट उतरवता येतात, त्यात असे संदर्भग्रंथ आहेत की विकत शोधायला गेलं तर मिळणार नाहीत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तकं टाइप केलेल्या रूपात वाचता येतात. आयआयटी खरगपूरने चालवलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी स्पर्धा परीक्षावाल्यांना दाखवा. आणि शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश, दोन्ही शोधता येतात, आमच्या शाळेतले मराठीचे सर त्यासाठी खास संध्याकाळी येऊन बसायचे, आता त्यांना घरीच लिंक दिलीय. या पाच लिंका एका क्विक रिप्लायमध्ये टाकून ठेवा.

फॉरवर्ड तपासून देणं

हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, आपोआप अंगावर आलं. एखादी कविता कुसुमाग्रजांच्या नावाने फिरते, सभासद विचारतात खरंच त्यांची का. आधी कपाटातले संग्रह बघायचे, अनुक्रमणिका आणि पहिल्या ओळींची सूची, मग नेट. सापडली तर संग्रहाच्या त्या पानाचा नंबर सांगायचा. नाही सापडली तर "आमच्याकडच्या संग्रहांत नाही" एवढंच लिहायचं, "खोटी आहे" असं लिहायचं नाही, दोन्हींत फरक आहे. अभ्यासिकेतली पोरं भरतीच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणतात, तिथे एकच नियम, लोकसेवा आयोगाच्या किंवा त्या खात्याच्या स्वतःच्या साइटवर ती जाहिरात उघडली तरच ग्रुपवर जाईल, आणि स्क्रीनशॉट नाही, लिंक जाईल. फी भरायला सांगणारा मेसेज असेल तर दुप्पट सावध.

सॉफ्टवेअर कधी

कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालं, तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण ते सर्व्हरवर बसवून सांभाळणारा माणूस लागतो, आणि तो गावात नसेल तर पहिल्या बिघाडाला सगळं ठप्प. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं (एनआयसी) ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही आहे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. घाई नको. शीट नीट भरली असेल तर तीच यादी पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नेता येते, म्हणूनच आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यात ठेवायला सांगितलं.

वेळेचं म्हणाल तर माझी रोज साधारण ४० मिनिटं जातात, सकाळी उघडल्यावर मेसेजना उत्तरं, बंद करताना स्थिती बदलणं. किती मेसेज आले, किती पुस्तकं राखून ठेवली, हे एका टॅबमध्ये रोज एक आकडा लिहा, मंडळाने विचारलं की दाखवायला होतं आणि तपासणीच्या वेळीही उपयोगी पडतं.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शीट एक्सेलमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. आणि कागदावरचं दाखल रजिस्टर शाईनेच लिहीत राहा, ते बंद करायचं नाही, तपासणीला तेच लागतं आणि लाइट गेली की तेच असतं.

त्या शेजारच्या ताईंचा परवा मेसेज आला, ३४० पुस्तकं झाली म्हणे. खाली प्रश्न होता: "माझ्याकडे 'वाऱ्या' शोधलं की काही येत नाही, शिपायांच्या फोनवर येतं, असं का?"